साखरेचं सोंग

लोकांना वाटतं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जिना चढावा लागत नाही. खरं तर त्याच्याइतका जिना दुसरं कुणी चढत नाही, कारण त्याला बोलावणं येतं तेच मुळी लिफ्ट बंद पडल्यावर. वस्तादाचा जन्म असा परक्यांचे जिने चढण्यात गेला होता. मोटरचा आवाज नुसता ऐकून बिघाड कुठे आहे ते तो सांगायचा, म्हणून कंपनीत सगळे त्याला वस्ताद म्हणत. पन्नाशी उलटल्यावर मात्र हा वस्ताद दुसऱ्याच मजल्यावर कठडा धरून उभा राहायला लागला. आधी त्यानं वयाला दोष दिला, मग गुडघ्यांना, मग इतक्या उंच इमारती बांधणाऱ्यांना. शेवटी बायकोनं हाताला धरून दवाखान्यात नेलं.

अंगात रक्त कमी होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या, तर गाळणीत पाणी ओतावं तसं झालं. मग घशातून नळी घालून आतड्याचा कण काढला, तो तपासायला गेला, आणि एक दिवस डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"कारण सापडलं," डॉक्टर म्हणाले. "याला सीलिअॅक म्हणतात. गहू, बार्ली, राय या धान्यांत ग्लूटेन असतं. ते पोटात गेलं की तुमचं शरीर तुमच्याच आतड्यावर उलटतं. आतलं अस्तर झडतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. याला औषध नाही. गहू सोडायचा, जन्मभर. चिमूटभरसुद्धा नाही."

बायकोनं चटकन विचारलं, "म्हणजे यांच्या बहिणीला आहे तेच का हो?"

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "सख्ख्या बहिणीला आहे? मग यांची तपासणी तेव्हाच व्हायला हवी होती. घराण्यात चालतं हे. त्या कधी बोलल्या नाहीत तुमच्याशी?"

वस्ताद फरशीकडे बघत राहिला. काय सांगणार? धाकटी बोलली होती. पुष्कळदा बोलली होती. ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं, आणि न ऐकणाऱ्यांचा म्होरक्या तोच होता.

धाकटी लहानपणापासून किडकिडीत. जेवून उठली की पोट धरून बसायची. आई म्हणायची, हिची नाटकं. दादा म्हणजे वस्ताद, तो म्हणायचा, आमची नाजूकराणी. तिनंही कधीतरी हार मानून म्हटलं होतं, "असेल बाबा, माझ्या मनाचेच खेळ असतील." मोठी झाल्यावर तिनं स्वतःच्या हिमतीनं डॉक्टर गाठले, रोगाचं नाव घेऊन आली, आणि तेव्हापासून कुठेही जाताना आपला डबा बरोबर न्यायला लागली. घरच्यांना तो डबा अपमानासारखा वाटे. आमच्या हातचं चालत नाही हिला.

आईच्या वाढदिवसाला वस्तादानं सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. त्या दिवशी मोठ्या समजूतदारपणाचा आव आणून तो धाकटीला म्हणाला, "आज डबा आणू नकोस. मी स्वतः तुझ्यासाठी भाज्यांचं सूप करतो. भाज्या, मीठ आणि पाणी, बस." तिला इतकं बरं वाटलं की तिनं फोनवरच दोनदा विचारलं, खरंच करतोस ना? त्यानं केलं. आणि उतरवण्याआधी त्यात दोन चमचे कणीक पाण्यात कालवून सोडली.

धाकटीनं दोन वाट्या सूप घेतलं. घट्ट छान झालंय म्हणाली. मग वस्ताद उठला, कणकेचा डबा आणून टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि म्हणाला, "ही बघा. दोन वाट्या पोटात गेल्या. मेली का?"

सगळे हसले. आई तर डोळे पुसेपर्यंत हसली. धाकटीनं हातातला चमचा हळूच खाली ठेवला. तिनं विचारलं ते एवढंच, "दादा, किती घातलीस?" तो हसतच सुटला. ती उठून घरी गेली. ती तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची, दुसऱ्या दिवशी तिच्या मुलांची पहिली मोठी स्पर्धा होती, आणि ती तिथे जाऊ शकली नाही. दिवसभर संडासातून बाहेर पडू शकली नाही. हे वस्तादाला बायकोकडून कळलं. तेव्हाही तो म्हणाला होता, "सोंग पुरं वठवावं लागतं ना."

त्यानंतर धाकटी त्यांच्या घरी सणावाराला येत राहिली, आईचं मन राखायला. पण पाण्याचा घोटसुद्धा स्वतःच्या बाटलीतून घ्यायची.

दवाखान्यातून परतताना बायको म्हणाली, "आज संध्याकाळीच धाकटीला फोन करते. तिला सगळं ठाऊक असेल, काय आणायचं, काय टाळायचं."

"करायचा नाही," वस्ताद म्हणाला. "तिला नाही आणि दुसऱ्या कुणाला नाही."

"अहो, चोरी केलीय का तुम्ही?"

बायकोनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विषय सोडला. तीही त्या दिवशी टेबलाशी बसून हसली होती.

घरात तिनं कंबर कसली. लाकडी पळ्या टाकून नव्या आणल्या, भाज्या चिरायची फळी बदलली, वेगळं पातेलं काढलं. लोण्याच्या डब्यात पावाचा चुरा असतो म्हणून लोण्याचा डबाही वेगळा केला. शेवटी कंटाळून म्हणाली, "दोघंच तर आहोत. मीही सोडते पाव. कोण सांभाळत बसेल ही सोवळी भांडी." भात, बटाटे, मका, अंडी, डाळी. दोन-तीन महिन्यांत वस्तादाच्या गालांवर रंग आला. चौथा मजला एका दमात चढला त्या दिवशी त्याला रडूच येईल असं वाटलं, आणि लगेच मागोमाग लाज वाटली. म्हणजे धाकटी आयुष्यभर खरं बोलत होती. त्याचंच शरीर आता रोज सकाळी तिच्या बाजूनं साक्ष देत होतं.

पण घराचं निभलं तरी कामाचं काय?

कंपनीच्या जेवणाच्या खोलीत त्या सूपाची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती? वस्तादानंच ती सांगितली होती, एकदा नाही, दरवेळी नवं माणूस रुजू झालं की. टेबलावर कणकेचा डबा ठेवल्याची नक्कल तो झकास करायचा. त्याचा जोडीदार तर ती गोष्ट त्याच्यापेक्षा रंगवून सांगे. हा जोडीदार उंचीनं कमी, म्हणून सगळे त्याला गिड्डोबा म्हणत, आणि तो त्यावर खुशीत 'ओ' देई. वर्षानुवर्षं दोघांनी एकत्र काम केलं होतं. लिफ्टच्या कामात जोडीदार म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. एक वर मशीनरूममध्ये, एक खाली शाफ्टच्या, म्हणजे लिफ्टच्या विहिरीच्या, तळाशी, आणि मध्ये नुसता आवाज. वरच्यानं 'बंद केली' म्हटलं की खालच्यानं बिनघोर खड्ड्यात उतरायचं.

आता त्या टेबलाशी बसून, मलाही गहू चालत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? वस्तादानं डबा उघडून नुसती उसळ आणि अंडी काढली तेव्हा गिड्डोबानं विचारलंच, "वस्ताद, पाव कुठाय? वहिनी रुसल्या की काय?"

आणि वस्तादाच्या तोंडून निघून गेलं, "साखर निघाली रे. पावबिव बंद केलाय डॉक्टरांनी."

साखर हा किती इभ्रतीचा आजार आहे हे वस्तादाला त्या दिवशी कळलं. कुणी हसलं नाही. उलट स्टोअरकीपर पुढे सरसावला, त्याला दहा वर्षांची साखर होती. हिशेबनीस बाईंच्या घरी तर नवरा, सासू, दीर सगळ्यांना होती. सकाळी चाला, उपाशी राहू नका, पायाला जखम होऊ देऊ नका. वस्ताद मान डोलवत राहिला. साखरवाल्यांच्या गोतावळ्यात त्याला मानानं जागा मिळाली. चहा बिनसाखरेचा प्यावा लागला तेवढाच काय तो भुर्दंड. गोड चहा हा त्याचा जीव की प्राण होता, पण सोंग घेतलं की रंग पुसून कसं चालेल?

गिड्डोबानं नवं घर घेतलं आणि कामावरच्या मोजक्या मंडळींना संध्याकाळी बोलावलं. वस्तादाच्या बायकोला ताप होता, ती आली नाही. निघताना तिनं बजावलं, "पोट भरलंय म्हणा आणि काही तोंडात घालू नका."

वस्तादानं तसंच ठरवलं होतं. फळं घेतली, भाजलेले दाणे घेतले, पाव आला तेव्हा खिडकीतून देखावा बघत राहिला. मग गिड्डोबाची बायको स्वयंपाकघरातून एक झाकलेली बशी घेऊन थेट त्याच्यासमोर आली.

"भावजी, हा तुमच्यासाठी वेगळा," ती म्हणाली. "साखर कणभरही नाही, नुसता खजूर आणि अक्रोड. दोन वेळा बिघडला, तिसऱ्यांदा जमला. हे रोज सांगतात, वस्तादाचं सगळं खाणं गेलं हो. म्हटलं एक दिवस तरी तोंड गोड करावं."

केक होता. खजुरानं काळपट झालेला, मऊ, वाफ अजून विरली नव्हती. आणि गव्हाच्या पिठाचा. तो दुसऱ्या कशाचा असणार?

सगळे बघत होते. गिड्डोबा दाराशी उभा राहून आपल्या बायकोकडे असा अभिमानानं बघत होता, की वस्तादाला एकच खरं वाक्य बोलायचं होतं आणि ते बोलवेना. ते वाक्य बोललं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. म्हणजे तुमच्या बहिणीला होतं तेच?

त्यानं एक तुकडा खाल्ला. "दुसरा घ्या ना, आवडला नाही का?" म्हणून तिनं वाढला, तो खाल्ला. उरलेला तिनं डब्यात घालून दिला. घरी जाताना त्यानं तो रस्त्यातल्या कचरापेटीत टाकला आणि बायकोला सांगितलं, काही खाल्लं नाही.

एकदा गहू सोडला की शरीर आणखी तिखट होतं, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सकाळी उठला तो पोटात पीळ घेऊनच. तरी कामावर गेला. रजा घेतली असती तर बायकोनं विचारलं असतं.

त्या दिवशीचं काम एका कचेऱ्यांच्या इमारतीत होतं. शाफ्टच्या खड्ड्यात एक लाल बटण असतं. खाली माणूस असताना ते दाबून ठेवलं की लिफ्ट हलत नाही. तेच बटण बिघडलं होतं आणि तेच बदलायचं होतं. म्हणजे खाली उतरणाऱ्याचा सगळा भरवसा वरच्या मेन स्विचवर. नियम साधा होता. वरच्यानं स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, 'माणूस आत आहे' अशी पाटी अडकवायची, मगच वायरलेसवर सांगायचं.

वस्तादानं स्विच पाडला. कुलूप खिशात होतं, पाटी पिशवीत होती. तेवढ्यात पोटात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "बंद केली, उतर," तो वायरलेसवर म्हणाला, वायरलेस टेबलावर टाकला आणि धावला. खालच्याच मजल्यावर संडास होता. कुलूप परत आल्यावर घालू. दोन मिनिटांचा तर प्रश्न.

दोन मिनिटं कसली. कपाळावर घाम, पायांत थरथर, भिंतीला हात टेकवून तो बसून होता, आणि वरून आवाज आला.

मोटर सुरू झाली होती.

तो आवाज त्यानं झोपेतसुद्धा ओळखला असता. आधी ब्रेक सुटल्याची थाप, मग घुमणारा सूर. लिफ्ट खाली निघाली होती. वस्तादाला उठायचं होतं आणि उठता येत नव्हतं. शरीर त्याचं ऐकतच नव्हतं. त्यानं दाराकडे तोंड करून गिड्डोबाचं नाव घेतलं, ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. मग सूर थांबला.

कसाबसा कपडे सावरत तो वर पोहोचला तेव्हा इमारतीचा रखवालदार मेन स्विचशी उभा होता. तिसऱ्या मजल्यावर एक अपंग बाई चाकाच्या खुर्चीत ताटकळत होत्या, लिफ्ट बंद का म्हणून विचारायला तो वर आला होता. मशीनरूम उघडी, आत कुणी नाही, स्विच पडलेला. त्यानं चढवला, आणि वीज परत आली की लिफ्ट आधी तळमजल्याला जाते.

वस्तादानं त्याला बाजूला ढकलून स्विच पाडला. कुलूप घातलं, पाटी अडकवली. वायरलेसवरून गिड्डोबाचा आवाज आला, फाटलेला, पण आला. खड्ड्याच्या तळाशी पालथं पडायला जेमतेम जागा असते. तो पडला होता. लिफ्टचा तळ त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला होता.

"कुलूप नव्हतं," रखवालदार पुटपुटत होता. "पाटी नव्हती, साहेब. मला काय कळणार?"

"दोन्ही होतं," वस्ताद म्हणाला. "किल्ली कुलपालाच होती. तू काढलंस."

हे शब्द कुठून आले ते त्याला कळलं नाही. पण आले, आणि खोलीत ठाण मांडून बसले.

गिड्डोबा वर आला तेव्हा त्याचं कोपर सोललं होतं आणि त्याला पाण्याचा पेला धरता येत नव्हता. तो जिन्याच्या पायरीवर बसला. "तुम्ही कुठे होतात, वस्ताद?" त्यानं विचारलं. वस्ताद म्हणाला, "फोन आला म्हणून बाहेर आलो होतो. तेवढ्यात यानं हे केलं." गिड्डोबा उठून रखवालदाराच्या अंगावर धावून गेला. लोकांनी त्याला धरलं.

संध्याकाळी बायकोनं वस्तादाला बघितलं आणि तिला सांगावं लागलं नाही. "काय खाल्लंत?" तिनं विचारलं. त्यानं केकचं सांगितलं, मग हळूहळू उरलेलं सगळं सांगितलं, स्विच, संडास, कुलूप. रखवालदाराचं सांगताना त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

बायको म्हणाली, "गहू तुमच्या एकट्याच्या पोटाला बाधतो. पण तुमची लाज किती जणांना बाधणार आहे, ते बघा एकदा."

चौकशी कंपनीच्या कचेरीत झाली. मॅनेजर बाई टेबलामागे, एका बाजूला गिड्डोबा हाताला पट्टी बांधून, दुसऱ्या बाजूला रखवालदार. इमारतवाल्यांनी त्याला कामावरून काढायचं जवळजवळ ठरवलंच होतं, फक्त कंपनीचं म्हणणं ऐकायचं राहिलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता बिचारा, आणि खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"तुम्ही कुलूप काढलंत का?" बाईंनी विचारलं.

"मला आठवतं तसं नव्हतं कुलूप," रखवालदार म्हणाला. त्यानं वस्तादाकडे बघितलं. "पण हे एवढे जुने माणूस. हे म्हणतात तर असेलही. घाईत माझंच काही चुकलं असेल. असेल."

असेल बाबा, माझ्या मनाचेच खेळ असतील. असंच म्हणाली होती धाकटी. खरं बोलणाऱ्या माणसाला त्याच्याच खऱ्याचा संशय यावा, इतकं त्याला एकटं पाडायचं. हे काम वस्तादाला चांगलं जमत होतं, आजचं नव्हतं ते.

"नव्हतं कुलूप," तो म्हणाला. "मी घातलंच नव्हतं. हा खरं सांगतोय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही कुठे होतात?"

"संडासात."

गिड्डोबा अस्वस्थपणे हलला. वस्तादानं त्याच्याकडे न बघता पुढचं सांगितलं, टेबलाच्या कडेशी बोलावं तसं. साखर नाही. साखर कधीच नव्हती. गहू चालत नाही. बहिणीला जे आहे तेच. आदल्या संध्याकाळी केक खाल्ला, नको म्हणायची लाज वाटली. कानांच्या पाळ्या तापून दुखत होत्या. बाई अशा आजाराबद्दल ऐकून असाव्यात, त्यांनी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्यावर दया होती की शिसारी, हे बघायचं धाडस त्याला झालं नाही.

गिड्डोबा शेवटी बोलला, अगदी हळू. "माझ्या बायकोनं केलेला केक."

"तिची काही चूक नाही. तिला काय ठाऊक?"

"तिला ठाऊक नव्हतं, कारण तू सांगितलं नाहीस." इतक्या वर्षांत गिड्डोबानं त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. "एक शब्द बोलायचा होता. मी खाली चिरडलो असतो ना, तर आज तू तिला काय सांगितलं असतंस? फोन आला होता?"

बाईंनी पेन उचलून जबाब लिहायला घेतला.

रखवालदाराची नोकरी राहिली. बाहेर पडताना वस्तादानं त्याच्यापुढे हात जोडले, तर तो इतका अवघडला की "नाही नाही, असू दे" म्हणत जिन्यावरून जवळजवळ पळालाच. वस्तादाला कंपनीनं काढलं नाही, पण शाफ्टमध्ये जायला मनाई केली आणि वर्कशॉपात जुने सुटे भाग साफ करायला बसवलं. गिड्डोबानं दुसरा जोडीदार मागून घेतला. त्याची बायको मात्र एकदा वस्तादाच्या घरी आली, वस्तादाच्या बायकोशी बोलून, डोळे पुसून गेली. वस्ताद त्या वेळी आतल्या खोलीत बसून होता. बाहेर यायला हवं होतं. आला नाही.

बातमीला पाय फुटायच्या आत धाकटीकडे जाणं भाग होतं. तो रविवारी गेला. ती तलावावरून नुकतीच आली होती, केस ओले होते. त्याला एकट्याला दारात बघून ती दचकली. "आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. मला सीलिअॅक आहे."

हे त्यानं उंबऱ्यावरच सांगून टाकलं, आत गेलो तर सुचणार नाही म्हणून. धाकटी दाराला धरून उभी राहिली. तो आता ती हसेल म्हणून वाट बघत होता. हसली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"बस," ती म्हणाली. आणि तो बसल्यावर म्हणाली, "मला वाटलं होतं."

"काय?"

"आईच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू इस्पितळाच्या जिन्यात बसला होतास, ओठ पांढरे पडले होते. तेव्हाच वाटलं होतं. तुला सांगायला हवं होतं मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू हसला असतास." तिनं ओले केस मागे बांधले. "आणि दादा, दुसरंही एक. मला वाटलं, भोग आता. तुला कळू दे. आठवडाभर मला नीट झोप लागली नाही, तरी फोन नाही केला. मी काही मोठी साध्वी नाही."

वस्तादानं माफी मागायची म्हणून घरून वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. "त्या सूपाचं," तो म्हणाला, "आणि त्या स्पर्धेचं..."

"स्पर्धेचं तुला माहीत होतं?"

"हो."

"कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

धाकटीनं मान फिरवली. त्याला कळलं नसेल, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. तेवढी एक सवलत तिनं त्याला दिलेली होती आणि आज ती त्यानं स्वतःच्या हातानं काढून घेतली. ती उठून आत गेली. आत नळ बराच वेळ वाहत होता. वस्ताद आपल्या हातांकडे बघत बसून राहिला. ग्रीसचा काळा रंग नखांत कायमचा बसला होता.

ती परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. "माफ केलं असं मी आज म्हणणार नाही," ती म्हणाली. "उगाच तोंडदेखलं कशाला? म्हणायचं तेव्हा म्हणेन, नाहीतर नाही म्हणणार. पण तुझी हाडं तपासलीत का? तपासायला सांग. माझी ठिसूळ निघाली होती. आणि वहिनी सोया सॉस वापरते का भातात? त्यात गहू असतो. तो बंद करा."

"असतो?"

"असतो. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आजारी पडून पडून कळलं."

तो निघाला तेव्हा तिनं दारापर्यंत येऊन एवढंच म्हटलं, "पुढच्या वेळी वहिनीला घेऊन ये." त्याचा अर्थ काय घ्यायचा, यावर नवरा-बायको आठवडाभर बोलत होते.

वर्कशॉपातून बाहेर यायला वस्तादाला बरेच महिने लागले. शाफ्टमध्ये जायची मनाई उठली तेव्हा त्याला नवा जोडीदार मिळाला, निवृत्तीला आलेला एक म्हातारा. मोटरींच्या आवाजात उभं राहून राहून त्याचे कान गेले होते. वायरलेसवर त्याच्याशी बोलायचं म्हणजे अर्धी इमारत जागी करायची.

पहिल्या सकाळी कंपनीच्या आवारात गाडीत सामान भरताना म्हाताऱ्यानं बिस्किटांचा पुडा उघडून त्याच्यापुढे धरला. आजूबाजूला निघायच्या गडबडीतली माणसं होती. पलीकडच्या गाडीशी गिड्डोबा दोर गुंडाळत होता.

"नको," वस्ताद म्हणाला. "मला गहू चालत नाही."

"काय चालत नाही?"

वस्तादानं इकडे तिकडे बघितलं. "गहू."

"दहा? दहा कशाला, दोनच घे."

"गहू," वस्ताद मोठ्यानं म्हणाला. "गहू चालत नाही मला. आजार आहे. चुराही पोटात गेला तर दिवसभर संडासात बसावं लागतं."

कुणीतरी तोंडावर हात धरून फिस्सकन हसलं. हसणारच. ती गोष्ट त्यांना कुणी शिकवली होती? वस्तादाचं तोंड तापलं, मान तापली, पायाखालची जमीन फाटावी असं त्याला वाटलं, आणि ती फाटली नाही. गिड्डोबानं वर बघितलं. तो हसला नाही, पुन्हा दोर गुंडाळायला लागला.

म्हाताऱ्यानं पुडा मिटून खिशात घातला, हात पँटला पुसले, मग काहीतरी आठवून ते गाडीतल्या पाण्यानं धुतले.

"भात चालतो का?" त्यानं विचारलं.

"चालतो."

"मग झालं तर. चल, बस. नऊ मजली आहे आणि लिफ्ट बंद आहे."